नांदायला जाण्याचे कागद

लग्न झालेली बाई नवऱ्याकडे नांदायला जाते, यात आपल्याकडे कुणी काही विचारत नाही. ती गेली नाही तर मात्र गाव विचारतं. नवरा दुसऱ्या देशात असला की गाव गप्प बसतं आणि सरकारं विचारायला लागतात, एक इथलं आणि एक तिथलं. त्या प्रश्नांची उत्तरं कागदावर जमवून देणं हा माझ्या धंद्याचा एक भाग होऊन बसला आहे.

दुकान कारेगावात आहे. पुण्याहून नगर रोडनं निघायचं, वाघोली आणि शिक्रापूरच्या ट्रॅफिकला जो काय वेळ द्यायचा तो द्यायचा, की साधारण ५० किलोमीटरवर रांजणगावचा महागणपती लागतो. अष्टविनायकाला आलेली माणसं तिथून मागं फिरतात. पोटापाण्याला आलेली थोडी पुढं येतात, ती आमच्याकडे. बीड, लातूर, परभणी, नांदेड, वाशीम, आणि आता बिहार, उत्तर प्रदेशही. शेतात चाळी उभ्या राहिल्या, दहा बाय दहाच्या खोल्यांत चार-पाच पोरं शिफ्टप्रमाणे आळीपाळीनं झोपू लागली. माझ्या बोर्डावर सेवा केंद्र असं मोठ्या अक्षरांत आहे, पण लोकांच्या तोंडी मी 'झेरॉक्सवाल्या ताई'. पीएफ काढणं, पॅन-आधार जोडणं, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, रेल्वेचं तिकीट ही रोजची कामं. त्यात पीएफ सगळ्यांत जास्त, कारण कंत्राटी कामगाराची कंपनी तीच राहिली तरी ठेकेदार बदलतो आणि खातं लोंबकळत राहतं.

परदेशाचे कागद आले ते इथल्या एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या मागोमाग. एलजी, हायर, व्हर्लपूल, फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना; शेजारी साहेब लोक कोरियाचे, इटलीचे, चीनचे. इंजिनिअर पोरं ट्रेनिंगला बाहेर जाऊन आली, काहींनी तिकडेच नोकऱ्या धरल्या. शिरूर-पारनेरकडच्या पोरी नर्सिंग करून बाहेर पडल्या. वेल्डर, पाइप फिटर आखातात गेले. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते, आणि उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली ती गाडी इथूनच ऑस्ट्रेलिया, जपान, ब्रिटनला जायला लागली. तिला निघायला किती कागद लागतात मला ठाऊक नाही, पण ती खरोखर गाडीच आहे ना, असं बंदरावर कुणी विचारत नसावं. आमच्या बायकांना मात्र विचारतात, की तू खरोखर बायको आहेस का?

मी स्वतः आष्टी तालुक्यातली. लग्नानंतर बरेच दिवस मी सासरी आणि नवरा कारेगावात खोलीवर, असाच संसार होता. दिवाळी, पंचमी आणि कुणाचं दहावं-तेरावं, एवढ्याच भेटी. पुढं इथं आले ते गॅसचं कार्ड, आधारवरचा पत्ता आणि रेशनकार्डातलं नाव यांच्या मागे धावत. कंपनीत लाइनवर थोडं काम केलं, कॉम्प्युटर शिकले आणि हे दुकान टाकलं. म्हणून नवऱ्यापासून लांब राहणारी बाई काउंटरला आली की तिची घाई मला कळते. तिला वाटतं अर्ज भरला की झालं. खरं काम अर्जाच्या आधीचं असतं.

पहिला कागद लग्नाच्या नोंदणीचा. सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं ते सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या खटल्यात, १४ फेब्रुवारी २००६ ला. तारीख ठरवून निवडली नसणार, पण काउंटरला सांगितली की पोरं हसतात. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे आणि खेड्यात ग्रामसेवक हाच विवाह निबंधक. २०२४ मध्ये या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, लोक पूर्वीही भाऊसाहेब म्हणत होते आणि आताही म्हणतात. अर्जावर दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, पत्रिका, फोटो, वयाचे दाखले. मग मिळतं ते नमुना 'ई' मधलं प्रमाणपत्र.

ऐकायला सोपं आहे. पण नवरा-नवरीनं समोर यावं लागतं, आणि नवरा टोरांटोला. लग्नाला सुटी काढून आला होता, हळद उतरायच्या आत विमानात बसला. गावजेवणाला दीड हजार पानं उठलेली, आमदारांचे आशीर्वाद माईकवरून झालेले, ड्रोननं वरात टिपलेली. कागद मात्र एकही नाही. साऱ्या पंचक्रोशीला माहीत असलेली गोष्ट सरकारदरबारी घडलेलीच नसते. आता कुणी लग्नाची पत्रिका द्यायला दुकानात आलं आणि मुलगा बाहेर आहे असं कळलं की मी पेढा नंतर घेते, आधी सांगते, सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायत.

त्यानंतर नावं. आमच्याकडे अजूनही काही घरांत सून आली की ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहितात. हौसेची गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, पत्रिकेत चि. सौ. कां. लावून घरचं लाडाचं नाव, आणि लग्नानंतर सासूबाईंनी आधारवर चढवून घेतलेलं तिसरं. त्यात मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर या तीन वेगळ्या बायका पोचतात आणि त्यातली नक्की कोण येणार आहे असं तो विचारतो. त्याचं चुकत नाही. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवलं तर कायद्याची काही आडकाठी नाही, हे मी इतक्यांना सांगितलं आहे की काही सासवा माझ्याकडे रागानं बघतात. एका मावशींनी तोंडावर विचारलं, "तुमचं आडनाव काय गं लावता तुम्ही?" मी म्हटलं, "दुकानाच्या लायसनवर आहे ते."

पासपोर्टला पुण्यात मुंढव्याला जायचं. पोलीस पडताळणी रांजणगाव एमआयडीसी ठाण्याची, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची खरी कसोटी तिथं. घरमालक भाडेकरार करायला नाखूश, कारण करार म्हटला की त्याला खोली हातची जाईल असं वाटतं. शेजारची बाई जबाब द्यायला घाबरते. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीचा शेरा पडतो, १९८३ च्या कायद्यातली ती तरतूद. मग ठरावीक देशांत कामाला जायचं तर आणखी एक दार. नवऱ्याकडे राहायला जाणारीचा प्रश्न वेगळा असतो, पण तो शेरा बघून तिच्या वडिलांचा चेहरा पडतोच.

फोटोला बसताना प्रत्येक जण विचारते, "ताई, टिकली काढू का?" काढायची गरज नसते. मंगळसूत्रही असू द्यावं. चष्मा मात्र अमेरिकेला चालत नाही. पांढऱ्या पडद्यापुढं बाई बसली की आपोआप डोक्यावरचा पदर सारखा करते, आणि मी पुन्हा सांगते, कान दिसू द्या.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो नातं सिद्ध करण्यात. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या माणसाची बायको असेल तर बहुतेक वेळा लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलाखतीतले चार प्रश्न यांवर भागतं: लग्न कधी झालं, स्थळ कुणी आणलं, नवरा कुठल्या कंपनीत आहे. पण नवरा तिकडचा कायमचा रहिवासी किंवा नागरिक झालेला असेल, कॅनडात, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, तर नातं खरं आहे आणि चालू आहे याचा पुरावा मागतात. पहिली भेट कधी, कुठं, ओळख कुणी करून दिली, लग्नाला कोण कोण होतं, त्यानंतर एकमेकांशी बोलता कसे आणि किती.

माजलगावकडची एक मुलगी याच कामाला आली होती. नवरा कॅनडात, कायमचा परवाना मिळालेला. ती इथं भावाजवळ राहून एका कंपनीत क्वालिटीला होती. मी म्हटलं, फोटो आण. तिनं अल्बम आणला तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. चारशे माणसं त्यात, नवरा-नवरी मात्र स्टेजवरच्या दोन खुर्च्यांत, निवडणुकीच्या सभेला बसल्यासारखी ताठ. मामा आहेत, आत्या आहेत, फेटे बांधलेले पुढारी आहेत. दोघं एकमेकांकडे बघताहेत असा फोटो नाही. फोटोग्राफरनं जबरदस्तीनं बघायला लावलेला एक होता, त्यात नवरा हसू दाबतोय.

मग जेजुरी निघाली. लग्नानंतर जोडीनं खंडोबाला जायचं आणि नवऱ्यानं बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या तरी चढायच्या, ही आपली रीत. मोबाइलमधला फोटो, दिराने काढलेला, थोडा हललेला. त्यानं तिला उचलली आहे, तिचा एक हात त्याच्या मानेत, दुसऱ्यानं शालू सावरते आहे, तोंड उघडं टाकून हसते आहे. भंडाऱ्यानं दोघं इतकी पिवळी की ओळख पटणं अवघड. मी झूम करून नाकावरून, कानातल्या झुब्यांवरून ताळा बघितला. हाच फोटो पहिला लावला. खाली इंग्रजीत ओळ लिहिली: जेजुरी, लग्नानंतरचं देवदर्शन, प्रथेप्रमाणे पती पत्नीला उचलून नेताना. ती लाजून म्हणाली, "ताई, हा नको ना, साहेब लोक बघतील." साहेब लोकांनी बघण्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

चॅटचं तर विचारू नका. महिनोन्‌महिन्यांच्या संदेशांतून निवडून प्रिंट काढायच्या. आपली माणसं नवऱ्याशी काय लिहितात? "जेवलात का?" "हो. तू?" "हो." "झोप." "तुम्ही पण." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मध्येच गॅसच्या टाकीचे पैसे, सासऱ्यांच्या शुगरचा रिपोर्ट, पाऊस आला का, कापूस वेचला का. प्रेमाचा एक शब्द सापडेल तर शपथ. मी भाषांतर करून खाली लिहीत गेले आणि चार-पाच पानांनंतर माझ्या ध्यानात आलं की यापेक्षा पक्का पुरावा नाही. कॅनडात रात्रीचे अडीच वाजलेले असताना हा माणूस रोज विचारतो आहे की दुपारी जेवलीस का. तेव्हा वेळेचे आकडे ठळक ठेवले, दोन्ही देशांचे.

काही पानं तिनं काढून घेतली. "यात सासूबाईंचं आहे." मी वाचलं नाही, असं म्हणाले.

हे सगळं करताना मनात एक खटका राहतोच. ज्यांचं जुळलेलं नाही, ज्यांना जायचंच नाही, त्यांचेही कागद मी असेच चोख लावू शकते. उलट, ज्यांचं खरंच गूळपीठ आहे त्यांच्याकडे कागद कमी असतात, कारण कुणी जपून ठेवायला सांगितलेलं नसतं. दुसरी बाजूही आहे. मुलीचे वडील बाजूला घेऊन हळूच विचारतात, "पोरगं तिकडं नीट आहे ना, ते बघता येतं का तुमच्या कॉम्प्युटरवर?" तसं बघता येत नाही. तिकडं गेल्यावर टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या झाल्या की राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ मध्ये त्यासाठी वेगळा कक्ष काढावा लागला. मी वडिलांना एवढंच सांगते: जावयाच्या पासपोर्टची, परवान्याची, नोकरीच्या पत्राची, घरच्या पत्त्याची प्रत मागून घ्या, आणि मुलीचा पासपोर्ट मुलीच्या पर्समध्ये राहू द्या. जावई रुसेल असं त्यांना वाटतं. रुसला तर आत्ताच कळलेलं बरं.

कुणाची बायको जाऊ शकते हे शेवटी नवऱ्याच्या पगारावर येतं, आणि ते सांगण्याचं काम मला सगळ्यांत नकोसं. दुबईत पगार ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा, एवढं असल्याशिवाय बायकोला नेता येत नाही. त्या खालचा वेल्डर दोन वर्षांनी सुटीवर येतो, पोरगं त्याला काका म्हणतं, तो परत जातो. ब्रिटननं ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला आणण्यासाठीची कमाई वर्षाला १८,६०० पौंडांवरून एकदम २९,००० वर नेली. त्याच्या महिनाभर आधीपासून तिथं नव्यानं जाणाऱ्या केअर वर्करना घरच्यांना नेणंच बंद झालं. म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांना भरवायला, त्यांना अंघोळ घालायला तेव्हा आमची माणसं हवी होती, पण त्या माणसांना घरी कुणी वाट बघणारं असेल तर ते इथंच ठेवून यायचं होतं. धोरणं करणाऱ्यांची त्यामागे काही कारणं असतील. काउंटरच्या या बाजूला ती पोचत नाहीत.

जर्मनीचं आणखी वेगळं. नवऱ्याकडे निळं कार्ड असेल, म्हणजे जास्त शिकलेल्या, जास्त पगाराच्या माणसाचा परवाना, तर बायकोला भाषेची परीक्षा नाही. इतर काही परवाने असलेल्यांच्या बायकांना मात्र इथून निघण्याआधी जर्मनची पहिली पायरी, ए-वन, पास व्हावी लागते. १०० पैकी ६० गुण. नवऱ्याच्या कार्डाच्या रंगावर बायकोचा अभ्यास ठरतो. तिकडं पोचल्यावर नोकरी करायला दोघींनाही मुभा असते, एवढं मात्र चांगलं आहे. अमेरिकेत तेही नाही. तिथं एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागोमाग मिळणाऱ्या व्हिसावर, गेलेल्या बाईला कामाची परवानगी मिळू शकते ती २०१५ पासून, आणि तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचल्यावर.

ए-वनचा अभ्यास करणारी एक जण माझ्या शेजारच्या गाळ्यात ब्युटी पार्लर आणि फॉल-पिकोचं काम करायची. गिऱ्हाईक नसलं की माझ्याकडे येऊन बसायची, कारण माझं वायफाय चांगलं. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची असते: नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद. मग परीक्षक एखादा शब्द अक्षरं सुटी करून सांगायला लावतो. तिथं ती अडायची. इंग्रजीतलं पहिलं अक्षर आपण 'ए' म्हणतो. जर्मन माणसाला 'ए' म्हटलं की तो पाचवं अक्षर लिहितो. म्हणून मी समोर वही घेऊन जर्मन बाई व्हायची आणि ती आयब्रोचा दोरा दातांत धरून गावाचं नाव सांगायची: "का, आ, एर, ए, गे, आ, ओ, एन." मी लिहिलेलं तिला दाखवायची. सुरुवातीला कारेगावचं काहीतरी भलतंच गाव व्हायचं. पुढं पुढं माझ्या पोरालाही पाठ झालं, तो शाळेत जाताना रस्त्यानं बडबडत जायचा.

नाव झालं, गाव झालं, छंद म्हणून स्वयंपाक झाला. व्यवसायाला क्लासच्या बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर पाठ करायला दिलेलं: गृहिणी. मी म्हटलं, "अगं, दुकानाचं भाडं कोण भरतं? लग्नसराईत रात्री बारापर्यंत मेकअपचं कोण करतं? कारखान्यातल्या निम्म्या पोरींच्या साखरपुड्याचे ब्लाउज तुझ्याकडचे." ती म्हणाली, "ताई, सोपं उत्तर द्या म्हणाल्यात. चुकलं तर मार्क जातात." तिचं खरं होतं. परीक्षेला वाद घालायला जात नाही कुणी. ती पास झाली, दुकानाच्या खुर्च्या आणि वाफेचं मशीन विकलं, पिकोचं मशीन नणंदेला दिलं आणि गेली.

तेव्हापासून मी अर्ज भरताना एक गोष्ट बघत आले आहे. कुठल्याही देशाचा असो, अर्जात नवऱ्याचा पगार विचारतात, घराचं क्षेत्रफळ विचारतात, लग्नाला किती माणसं होती, आधी कधी व्हिसा नाकारला का, हे सगळं. जाणारी काय सोडून येते आहे ते विचारायला रकाना नाही. सध्याचा व्यवसाय अशी एक ओळ असते, आणि तिथं नवऱ्यानं फोनवरून सांगितलेलं असतं, हाउसवाइफ टाका, उगाच प्रश्न नकोत. क्वालिटीला काम करणारी, बालवाडी चालवणारी, पार्लरवाली, बीएस्सी ॲग्री झालेली, सगळ्यांची ओळ एकच. हे फक्त परदेशाचं नाही म्हणा. मी आष्टीहून इथं आले तेव्हा गावात माझ्याकडे बचत गटाचा हिशेब होता, तो दुसरीला देताना कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

एच-फोरवर गेलेली एक जण अजून अधूनमधून व्हॉइस मेसेज पाठवते. इथं लॅब टेक्निशियन होती. नवरा चांगला आहे, घर मोठं आहे, तिथल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीही धूमधडाक्यात बसतो. मेसेजात ती रडत वगैरे नाही. डिशवॉशरचं वर्णन करते, बर्फाचं करते, आणि मग विचारते, "आमच्या लॅबमध्ये माझ्या जागी कोण आलं गं?"

अलीकडे एक केस उलटी आली. बायको पुढं आणि नवरा मागाहून, हे मराठीत नवीन नाही खरं तर. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा गोपाळराव पोस्टातली नोकरी धरून इकडेच राहिले होते आणि मागाहून गेले. त्यांना कुठल्या खिडकीत नातं सिद्ध करावं लागलं नव्हतं, व्हिसाच नव्हता तेव्हा. माझ्या केसमधली बायको नर्स. परीक्षा देत देत इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात लागली, तिथं जाऊन त्यांची प्रात्यक्षिक परीक्षाही पार केली. नवरा इथं एका कारखान्यात मेंटेनन्सला, आयटीआय फिटर. लहान मुलगी आजीजवळ. नर्सच्या व्हिसावर नवऱ्याला आणि मुलीला नेता येतं, तिथला आरोग्याचा जादा करही माफ असतो.

तो सेकंड शिफ्ट संपवून यायचा म्हणून मी शटर अर्धं ठेवून बसायची. अर्जावर त्याच्या नावापुढं 'अवलंबित' आलं. त्यानं ते दोनदा वाचलं. "म्हणजे मी तिच्यावर?" "कागदावर." आई घरी बोलून गेली होती म्हणे, बाईच्या मागं कुठं जातो. मित्र खोलीवर चिडवायचे. त्याला त्याचं फारसं काही नव्हतं, त्याचा प्रश्न वेगळाच होता आणि तो पहिल्याच दिवशी, क्षयाच्या तपासणीची तारीखही घ्यायच्या आधी, त्यानं विचारला. "ताई, माझं फिटरचं सर्टिफिकेट तिकडं धरतात का? एवढी वर्षं मशीनवर काढलीत, त्याचं काय होणार?"

माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी एकीनंही हे विचारलं नव्हतं. सामान किती किलो, काळा मसाला चालतो का, स्वेटर इथून घ्यावेत की तिथं, हे विचारलं, हे नाही. कदाचित विचारायचं असेलही, शेजारी सासरा उभा असायचा.

मी त्याला म्हटलं, राजीनामा द्यायच्या आधी अनुभवाचं पत्र घे. त्याला मिळालेलं पत्र एका ओळीचं होतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कामाला होते, वर्तणूक चांगली. मी ते परत पाठवलं. कुठली मशीन्स, कुठली कामं, हाताखाली किती माणसं, सगळं मागून घे. तो साहेबांच्या मागं लागून लागून दुसरं पत्र घेऊन आला. त्यात हायड्रॉलिक प्रेस होता, कन्व्हेयर होते, शटडाउनची कामं होती, पानभर. त्याची स्कॅन काढता काढता मी माजलगावच्या मुलीला फोन लावला. ती अजून निकालाची वाट बघत होती. म्हटलं, कंपनीकडून अनुभवाचं पत्र आणलंस का? ती म्हणाली, ठेकेदाराकडून होते ना मी ताई, तो ठेकेदारच राहिला नाही आता. मग तिचा पीएफचा यूएएन नंबर विचारला. पीएफच्या पासबुकात कुठल्या ठेकेदाराकडे कुठल्या महिन्यापासून भरणा होता ते सगळं येतं. ओटीपी तिच्या भावाच्या मोबाइलवर जात होता आणि भाऊ थर्ड शिफ्टला. सकाळी सातला तो सुटला, दुकानावरून जाताना ओटीपी देऊन गेला, आणि पासबुक मी तिला पाठवून दिलं.